नवमीची कलेजी

माझी नात मंजिरी भंवरकुआंला कोचिंगला जाते. तिला डॉक्टर व्हायचंय. परवा जेवताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, एकदम म्हणाली, "आजी, सुनो ना, काय लिहिलंय बघ. जे लोक खूप दारू पितात ना, त्यांचं लिव्हर फक्त दारूनं खराब नाही होत. आतड्यातले बॅक्टेरियापण त्यात शामिल असतात."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

हे तिनं अशा सुरात विचारलं की जणू मी जन्मभर पोहेच भिजवत बसले होते. मला राग आला. राग मला पटकन येतो, आणि त्या रागानं माझं एकदा फार मोठं नुकसान केलंय. "एकोणीसशे एकसष्टपासून माहीत आहे," एवढंच बोलले आणि ताट उचलून आत गेले. पुढचं तिला सांगितलं नाही, ते इथं सांगते.

माझे वडील प्रतापराव, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते होळकरांच्या रिसाल्यात जमादार होते. राज्य गेलं, रिसाला मोडला, घोडे कुठं कुठं पांगले आणि आबा चाळिशीतच पेन्शनर झाले. दारू त्यांना नंतर लागली असं माझी आत्या सांगायची, पण त्यात काही अर्थ नाही. लागली होती ती रिसाल्यातच. फक्त तिथं पहाटे पाचला खोगिरावर बसायचं असायचं, म्हणून बेतात होती. पुढं पहाटे उठायचं कारणच राहिलं नाही. पागनीसपाग्यातल्या आमच्या घरापासून दारूची कलाली चालत दहा मिनिटांवर होती, आणि आबांना तो रस्ता डोळे मिटूनही सापडायचा. परत यायचा मात्र सापडायचा नाही.

मी अकरा वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून घर सुलोचना आत्या बघायची आणि दार मी बघायची. दारावर कोणी आलं की उत्तर देण्याचं काम माझं. आबांना ताप आहे. आबा देवासला गेलेत. आबांची कंबर धरलीय, उठवत नाही. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना मीच पदर सावरत सांगितलं होतं की आबांना ऊन लागलंय, आणि तेव्हा डिसेंबर चालू होता. खोटं बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नव्हतं. आबा आत पडल्या पडल्या सगळं ऐकायचे. शुद्धीवर आले की म्हणायचे, "मंगल, तू वकील व्हायची होतीस बाई."

एकसष्टचा उन्हाळा लागता लागता त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि दिवसाढवळ्या ते बोलता बोलता झोपायला लागले. त्यांचे रिसाल्यातले दोस्त उदयसिंह काका आणि मी त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर शरदचंद्र आगाशे भेटले. रेल्वेतल्या क्लार्कचा मुलगा, नुकताच विलायतेहून शिकून आलेला, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. आबांना त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "किती पिता?" आबा म्हणाले, "थोडी." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी सवयीनं म्हणाले, "थोडीच."

महिनाभरानं आबा बरे व्हायला लागले तेव्हा डॉक्टर खाटेवर त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी समजावून सांगितलं. मला ते शब्द न् शब्द आठवतं.

"प्रतापरावजी, आपल्या आतड्यात करोडो जंतू राहतात. माझ्यापण, तुमच्यापण. आपण मटण खाल्लं, अंडी खाल्ली की ते त्याच्यातून जहर बनवतात. चांगलं लिव्हर ते जहर छानून, गाळून टाकतं. तुमचं लिव्हर दारूनं दगड झालंय. ते छानत नाही, मग जहर सीधं दिमागात जातं."

"म्हणजे माझ्या पोटात फौज पाळलीय मी," आबा म्हणाले.

"हो. आणि ती मटणावर पोसते. ह्या गोळ्या फौजेला कमजोर करायला आहेत. दारू बंद म्हणजे बिल्कुल बंद. मटण बंद, अंडी बंद, डाळ नावाला. मीठ नाही. भात, केळी, साखर, भाज्या."

मराठा माणूस, रिसाल्यातला, आणि केळी! आबांनी असा चेहरा केला की शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसायला लागला.

जाताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "मंगलाबाई, एक लक्षात ठेवा. जहर दिमागात चढलं तर हे प्यालेल्या माणसासारखे दिसतील. बोलणं जड होईल, हात फडफडतील, तोल जाईल. पण प्यालेले नसतील. तसं झालं तर एक मिनिट थांबायचं नाही, इकडे घेऊन यायचं." मी मान हलवली. नीट ऐकलं होतं, समजलंही होतं.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आबांनी आंघोळ केली, देवघरातल्या खंडोबापुढं उभे राहिले आणि उदयसिंह काकांच्या, आत्याच्या आणि माझ्या समोर बेलभंडार उचलला. हातात बेलाचं पान आणि देवाची हळद घेऊन दारू सोडली म्हणाले. आमच्यात बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडायचा नसतो. मोडला तर तो माणूस राहत नाही, असं मानतात. आबांनी आजवर दारू सोडतो असं शंभरदा म्हटलं असेल, पण बेलभंडार कधी उचलला नव्हता. तेवढं इमान त्यांनी राखून ठेवलं होतं.

आणि मग ते सहा महिने आले.

आज मागं वळून बघते तर माझं बालपण मला तिथंच दिसतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते हे खरं, पण बाप मला तेव्हाच मिळाला. सकाळी ते मला उठवायचे. मला! आम्ही दोघं लालबाग राजवाड्याच्या फाटकापर्यंत चालत जायचो, हळूहळू, दर पन्नास पावलांवर थांबत. वाटेत पोह्याच्या गाडीपाशी ते नाक वर करून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वास घेतला तर फौज जागी होईल का गं?" फाटकाच्या कठड्यावर बसून ते मला घोड्यांबद्दल सांगायचे. रिसाल्यातल्या चाळीसच्या चाळीस घोड्यांची नावं त्यांना पाठ होती. कोण लाथ मारायचा, कोणाला गूळ आवडायचा, बँड वाजला की कोण आपणहून पाय बदलायचा. ह्या माणसाला एवढं आठवतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं दारूनं सगळं धुऊन नेलंय.

ते छान गायचे हेही मला तेव्हा कळलं. दुपारी आत्या पडली की आम्ही दोघं पत्ते खेळायचो आणि ते उघड उघड लबाडी करायचे. अळणी भाताचा घास घेऊन म्हणायचे, "सुलोचना, आज काय चव आलीय! कशाची आलीय ते मात्र विचारू नको." दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जायचं. तिथं डॉक्टर त्यांना काड्यापेटीतल्या काड्या देऊन चांदणी करायला सांगायचे, डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघायला. आबा चांदणी करायचे, मग उरलेल्या काड्यांचा घोडा करायचे, आणि डॉक्टरांना विचारायचे, "ह्याचे जादा नंबर देता का?" डॉक्टर चष्मा पुसत हसायचे.

दारावर कोणी आलं तर मी सरळ सांगायची, "आहेत ना आबा, या." हे वाक्य बोलायला मला किती गोड लागायचं म्हणून सांगू! पहिले काही दिवस तर मी मुद्दाम मोठ्यानं बोलायची, शेजारी ऐकू जावं म्हणून.

मग नवरात्र आलं.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असायची आणि बकरं पडायचं. त्या बकऱ्याची कलेजी, तव्यावर तुपात परतलेली, वर मिरी आणि मीठ, पहिल्यांदा घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात वाढायची. तो त्याचा मान. मला समजतंय तेव्हापासून ती आबांच्या ताटात पडत होती.

त्या वर्षी आत्या म्हणाली, "मंगल, दादाला कलेजी देऊ या. कलेजं खराब झालंय तर कलेजीच लागेल ना त्याला? केळी खाऊन का कलेजं भरतं?"

आत्या अडाणी होती, असं म्हणून मी सुटू शकत नाही. मी मॅट्रिक झालेली होते. पण मला ते पटलं. कारण आईचं रक्त कमी झालं होतं तेव्हा तिला लिव्हरची इंजेक्शनं द्यायचे. चांगल्या शिकलेल्या डॉक्टरनं दिलेली, मी स्वतः बाटलीवरचं नाव वाचलेलं. मग सुईतून लिव्हर चालतं तर ताटातून का नाही? डॉक्टर आगाशेंनी मटण बंद केलं होतं, अंडी बंद केली होती. कलेजीचं नावही काढलं नव्हतं. ती मला मटणात धरावीशी वाटलीच नाही, मी तिला औषधात धरलं.

आबांनी ताटाकडे बघितलं. "नको बाई. डॉक्टर रागावेल."

"दवाई आहे ही, आबा. खा."

"फौजेचं काय?"

"कलेजी लिव्हरला जाते, फौजेला नाही. खा म्हणते ना!"

"तू देतेस म्हणून खातो हं," ते म्हणाले. आणि मग काय जेवले! सहा महिने अळणी भात गिळलेला माणूस. बोटं चाटून खाल्लं. मी दुसऱ्यांदा वाढलं. उरलेली झाकून ठेवली आणि दसऱ्याला सकाळी तीही गरम करून दिली. त्यांना खाताना बघून मला जे सुख वाटलं, तसं नंतर माझ्या मुलांना भरवतानाही वाटलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. उदयसिंह काका, त्यांचे भाऊ, आळीतली दहाबारा मंडळी. आबा दुपारभर झोपले होते. ते बाहेर आले ते पगडी तिरकी, कोटाची बटणं वरखाली. काकांना आपट्याची पानं द्यायला त्यांनी हात पुढं केला आणि तो हात फडफडायला लागला. पानं खाली सांडली. काकांना ते भलत्याच नावानं हाक मारायला लागले. रिसाल्यातल्या एका घोड्याचं नाव होतं ते. जीभ जड, शब्द ओले ओले. उंबऱ्याला अडखळून ते भिंतीवर गेले.

"वा प्रतापराव," काका हसले, "दसरा पावला म्हणायचा!"

सगळे हसले. आणि माझं डोकं फिरलं.

डॉक्टरांनी जे बजावलं होतं ते मला आठवायला हवं होतं. त्यांनी सांगितलेलं एक न् एक चिन्ह माझ्यासमोर उभं होतं. पण एकोणीस वर्षं मी हेच रूप बघत आले होते, आणि त्याचा अर्थ मला एकच माहीत होता. मला वाटलं, सहा महिने मला फसवलं ह्यांनी. दारावर मी मोठ्या तोंडानं बोलत होते आणि हा माणूस खंडोबाची हळद हातात घेऊन मला फसवत होता.

"प्यालेत," मी सगळ्यांसमोर ओरडले. "बेलभंडार उचलून प्यालेत! लाज नाही वाटली, आबा?"

हसणं थांबलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर पांघरूण घातलं नव्हतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलवले. "नाही... मंगल... मी नाही..." एवढंच. मी त्यांचा दंड धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले नाही. उतरेल तेव्हा उठतील, म्हटलं. दहा वाजले, अकरा वाजले. आत्या चहा घेऊन गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली. आबा डोळे अर्धे उघडे टाकून पडले होते, हलवलं तरी हूं नाही की चूं नाही. मी त्यांच्या तोंडाशी वाकले. दारूचा वास मला झोपेतही ओळखता येतो. तो वास तिथं नव्हता. काहीतरी गोडसर, कुजकट वास होता.

दवाखान्यात डॉक्टर आगाशेंनी वाकून तोच वास घेतला. ते मला काय प्याले असं विचारतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते.

त्यांनी विचारलं, "काय खाल्लं?"

मी सांगितलं. कलेजी, दोन दिवस, मी दिली. ते चष्मा काढून पुसत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "दारू?" मीच विचारलं. "एक थेंब नाही," ते म्हणाले. "कधीपासून असे आहेत?" "काल संध्याकाळपासून." "आणि आज दुपारी आणता?" "वाटलं, प्यालेत," एवढंच मला बोलता आलं. मी, जिला कधी उत्तराची वाण नव्हती!

एनिमा, गोळ्या, सलाइनमधून साखर. चौथ्या दिवशी आबांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी त्यांचे पाय धरून रडले. नवमीच्या सकाळपासूनचं त्यांना काही आठवत नव्हतं. बकरं नाही, कलेजी नाही, दसरा नाही. मी ठरवलं होतं, जरा बळ आलं की सगळं सांगायचं आणि माफी मागायची.

पण त्याआधी उदयसिंह काका भेटायला आले आणि त्यांनी आपल्या परीनं गोष्ट सांगून टाकली. दसऱ्याचा दिवस, फडफडणारे हात, घोड्याचं नाव. "पोरीनं काय सुनावलं तुला, भिया! भरल्या घरात." काका हसत होते. आबा हसत नव्हते.

काका गेल्यावर आबा म्हणाले, "मंगल, मी शब्द मोडला ना?"

"नाही आबा! तुम्ही प्याला नव्हतात. मी तुम्हाला कलेजी दिली, त्याचं जहर चढलं. चूक माझी. डॉक्टरांना विचारा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. ते हसणं मी ओळखत होते. आबांना ताप आहे, असं मी दारावर सांगायची तेव्हा आतून ते असंच हसायचे.

"कलेजी खाऊन माणूस झिंगतो होय?" ते म्हणाले.

डॉक्टरांनीही त्यांना सांगितलं, अगदी कागदावर लिव्हरचं चित्र काढून. आबांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "डॉक्टरलापण पढवलंस? चांगला मुलगा आहे, तुझ्यासाठी खोटं बोलला."

घरी आल्यावर ते देवघरात गेले नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरायची होती, तर त्यांनी काकांना बोलावलं. स्वतः ओसरीवर बसून राहिले. "माझा हात नको त्याला," म्हणाले. प्रसादाची हळद कपाळाला लावायला मी गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. मी रोज सांगत होते. रडून सांगितलं, चिडून सांगितलं, शपथा घेतल्या. आत्यानंही सांगितलं. ते आमची समजूत काढायचे. आळीत बोलणाऱ्यांची तोंडं मी एकेक करून बंद केली, पण त्यातल्या एकानंही माझं खरं मानलं नाही. का मानतील? आठ वर्षं मी त्यांना आबांबद्दल काय काय सांगत आले होते!

लालबागला आम्ही जात राहिलो. आता ते घोड्यांबद्दल बोलायचे नाहीत. एकदा कठड्यावर बसून म्हणाले, "सहा महिने तरी राखला होता गं." मी म्हटलं, "अजूनही राखलाय, आबा." त्यांनी नुसती माझी पाठ थोपटली.

फाल्गुनात पोटात पुन्हा पाणी भरलं. डॉक्टर आगाशे घरी येऊन बघून गेले आणि दारापाशी थांबून मला म्हणाले, आता फार दिवस नाहीत. त्या दुपारी आबांचं डोकं लख्ख होतं. आत्या झोपली होती. मी त्यांना केळं कुस्करून भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मंगल, एक सांगशील? चिडणार नाहीस?"

"नाही चिडणार."

"तू मला माफ केलंस का?"

"आबा, तुम्ही प्याला नव्ह..."

"तसं म्हणू नको." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दारूच्या दिवसांत, आईच्या मरणात, मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. "तू तसं म्हणतेस ना, की मग माफ करायला काही राहतच नाही. मला तसंच जावं लागेल. एकदा खरं बोल बाई. प्यालो होतो. आणि तू माफ केलंस की नाही, तेवढं सांग."

मी वाटी खाली ठेवली. बाहेर कोणाचा तरी टांगा गेला. मला वाटलं, डॉक्टरांना परत बोलवावं, काकांना बोलवावं, सगळी आळी गोळा करावी आणि पुन्हा एकदा ओरडून सांगावं. पण ते माझ्याकडे ज्या आशेनं बघत होते, तसं लहान मूलही बघत नाही.

"हो आबा," मी म्हटलं. "प्याला होतात तुम्ही. मी माफ केलं."

त्यांनी लगेच मानलं. चेहरा सैल पडला, श्वास सुटला. "हां," ते म्हणाले, "आता बरं वाटलं." आणि माझा हात हातात घेऊन झोपले.

तिसऱ्या दिवशी ते गेले. बेलभंडार मोडलेला माणूस म्हणून गेले, आणि तसं त्यांना मी सांगितलं होतं.